बोट ठेवायची जागा

कंबर दुखते म्हणून येणारी माणसं दुखणं बहुधा तळहाताने दाखवतात. हात मागे नेऊन कमरेवर आडवा फिरवतात. इथून तिथपर्यंत, सगळंच. काही जण मात्र एकच बोट ठेवतात. कमरेच्या खाली, कण्याच्या रेषेपासून दोन-तीन बोटं बाजूला, जिथे कितीकांच्या अंगावर खळी पडते तिथे. "हितं, ताई." थोड्या वेळाने पुन्हा विचारलं तरी बोट त्याच जागी जातं. साताऱ्यात फिजिओथेरपीचा दवाखाना चालवताना मी या बोटाकडे नीट पाहायला शिकले. फाइलीत कितीही रिपोर्ट असोत, तपासणीची सुरुवात मी त्या बोटापासून करते.

जोसेफ फॉर्टिन नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी १९९० च्या दशकात या बोटाचाच अभ्यास केला. आधी त्यांनी कसलंही दुखणं नसलेल्या स्वयंसेवकांच्या या जागेतल्या सांध्यात इंजेक्शन दिलं आणि कळ नेमकी कुठे उमटते ते टिपून घेतलं. खळीजवळच्या हाडापासून खाली सुमारे १० सेंटिमीटर आणि बाजूला ३ सेंटिमीटर एवढा पट्टा निघाला. मग रुग्णांना सांगितलं, कुठे दुखतं तिथे बोट ठेवा. त्या बोटावरून सांध्याचा संशय घेता येतो, हे त्यांनी १९९७ साली मांडलं. रुग्णाने स्वतःच्या अंगावर ठेवलेलं बोट तपासणीत धरायचं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांना घरी "कंबर कुणाची दुखत नाही?" एवढंच ऐकायला मिळालेलं असतं.

त्या खळीखालच्या सांध्याला पुस्तकात त्रिक-श्रोणी सांधा म्हणतात. दवाखान्यात आम्ही सगळे एसआय जॉइंट म्हणतो. कणा खाली येता येता त्याचे पाच मणके एकमेकांना जुळतात आणि एक तिकोनी हाड तयार होतं, त्रिकास्थी. त्याच्या खाली माकडहाड. हे तिकोनी हाड दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांमध्ये पाचर होऊन बसलेलं असतं, जुन्या वाड्याच्या कमानीत मधला दगड बसवतात तसं. वरचं अख्खं धड त्याच्यावर, आणि तिथून ते वजन दोन पायांत वाटलं जातं. सांध्याच्या दोन्ही बाजूंना उंचवटे आणि खाचा असतात, एकमेकांत बसणाऱ्या. मागच्या बाजूचे लिगामेंट शरीरातल्या सर्वांत बळकट लिगामेंटांपैकी आहेत.

इतका जखडलेला सांधा हलतो तरी किती? स्वीडनमध्ये बेंग्ट स्टुरेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या हाडांत टँटलम धातूचे बारीक मणी बसवले, उभं, बसलेलं, झोपलेलं अशा निरनिराळ्या स्थितींत एक्स-रे घेतले आणि मण्यांमधलं अंतर मोजलं. हे १९८९ सालचं काम. सांधा सरासरी अडीच अंश फिरत होता आणि सरकत होता तो एक मिलिमीटरहूनही कमी.

हे आकडे मला रोज उपयोगी पडतात, कारण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना कुणीतरी सांगितलेलं असतं की तुमचं हाड सरकलंय.

मेढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावातून एक बाळंतीण आली होती. बाळ आठ महिन्यांचं, सासूबाईंच्या खांद्यावर. सकाळच्या एसटीने घाटाचे धक्के खात दोघी आल्या होत्या, आणि बाकावरून उठताना तिने आधी दोन्ही हात मांड्यांवर रोवले, मग श्वास धरून उठली. बोट उजव्या खळीवर. कूस बदलताना कळ, उंबरठा ओलांडताना कळ, परकर घालायला एका पायावर उभं राहिलं की कळ. हे सगळं ती सहज सांगत होती. सांगता सांगता थांबली ती बाळाचं आलं तेव्हा. तिला कुणीतरी सांगितलं होतं, हाड सरकलंय, बाळाला कडेवर घेतलंस तर आणखी सरकेल. तेव्हापासून तिने बाळ उचललेलं नव्हतं. ती बसली की सासूबाई तिच्या मांडीवर बाळ ठेवायच्या, पाजून झालं की परत उचलायच्या. ते बाळ आईकडे बघून दोन्ही हात वर करायचं आणि ती मान वळवून घ्यायची.

दुखणं सोसणारी माणसं मी खूप पाहते. ही बाई स्वतःच्या हाडांना घाबरून जगत होती, आणि ती भीती तिला दुसऱ्या कुणीतरी बाहेरून दिलेली होती. आमच्या व्यवसायातल्या माणसांनी रुग्णाशी बोलताना शब्द किती जपून वापरावेत, याचा विचार करताना मला तीच आठवते.

हाड बसवण्याची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. गावाकडे उसण भरली की पायाळू माणूस शोधतात. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने पालथ्या पडलेल्या माणसाच्या कमरेवर पाय फिरवला किंवा हलकी लाथ मारली की उसण जाते, असं मानतात. लोकांना त्याने बरं वाटतं, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. हाताने कट्ट असा आवाज काढून बरं करणारेही आहेत, त्यांच्याकडूनही माणसं हलकी होऊन येतात. आवाज आला म्हणजे हाड जागेवर बसलं, अशी सगळ्यांची खात्री. पण त्या आवाजाचा हाडाच्या जागेशी संबंध नाही. कॅनडातल्या संशोधकांनी बोटाचा सांधा ओढतानाचं एमआरआय चित्रण २०१५ साली प्रसिद्ध केलं. आवाजाच्या क्षणी सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होताना त्यात दिसते.

एसआय जॉइंटचा प्रश्न तर थेट तपासून झालेला आहे. १९९८ साली स्वीडनमध्येच टुलबर्ग आणि सहकाऱ्यांनी तीच मण्यांची पद्धत वापरून दहा रुग्णांची मापं घेतली, हाताने उपचार करण्याआधी आणि नंतर. उपचारानंतर तपासणाऱ्यांच्या हातांना सांधा सुधारल्यासारखा लागत होता. एक्स-रेत हाडं होती तिथेच होती. उपचाराने त्यांची जागा बदललेली नव्हती.

हा शोधनिबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ त्याच पानावर होते. हाताने उपचार करणं हे माझं काम आहे आणि त्या कामाने माणसांना बरं वाटतं, हे तर मी रोज पाहते. मग हात करतात तरी काय? हळूहळू दिलेला दाब आणि ताण कातडीतल्या, स्नायूंतल्या, सांध्याभोवतीच्या मज्जातंतूंना खबर देतो. मज्जारज्जू आणि मेंदू त्या खबरीवरून वेदनेचा जोर कमी करतात. आणि दुखऱ्या सांध्याला जपण्यासाठी आखडून बसलेले स्नायू सैल होतात. हा आराम काही तास टिकतो, कधी दोन-तीन दिवस. तेवढ्या सवडीत माणसाला हालचाल करता येते. माझ्या मते या उपचाराचं खरं मोल त्या सवडीत आहे, आणि ती सवड नुसती पडून वाया जाऊ दिली तर पुढच्या आठवड्यात माणूस त्याच कळेसकट परत येतो.

अर्थात खळीवर बोट ठेवलं म्हणजे एसआय जॉइंटच, असं धरून चालत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तसं धरून चालत असत. १९०५ साली बॉस्टनच्या गोल्डथ्वेट आणि ऑसगुड यांनी या सांध्याकडे लक्ष वेधलं आणि पुढची काही दशकं कंबरदुखीचा दोष याच्यावरच जात राहिला. १९३४ साली मिक्सटर आणि बार यांनी फाटलेल्या डिस्कबद्दल लिहिलं आणि सगळ्यांची नजर डिस्ककडे वळली. आज फाइलीत एमआरआय असतो, त्यात डिस्क बल्ज असतो, आणि ज्यांचं काहीच दुखत नाही अशा कितीतरी माणसांच्या एमआरआयतही तो असतो. म्हणून मी चाचण्या करते, आणि एकीवर विसंबत नाही. न्यूझीलंडच्या मार्क लॅसलेट यांनी २००५ साली सांगितलेला नियम मला पटतो: सांध्यावर वेगवेगळ्या दिशांनी ताण देणाऱ्या चाचण्या करायच्या आणि त्यांतल्या निदान तीन चाचण्यांत रुग्णाची नेहमीची, ओळखीची कळ उठली, तर या सांध्याचा संशय बळकट धरायचा. या बाळंतिणीच्या बाबतीत चार चाचण्यांत उठली.

काही दुखण्यांना हात लावायचाही नसतो. पंचविशीतला मुलगा, पहाटे दुखण्याने जाग येते, उठल्यावर अर्धा-पाऊण तास कंबर काठीगत, आणि काम करायला लागलं की मोकळी होते, असं सांगू लागला की मी त्याला संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवते. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसची सुरुवात याच सांध्यापासून होते आणि त्यावर औषधं आहेत, वेळेवर सुरू व्हायला हवीत. ताप, वजन उतरणं, रात्रीचा न थांबणारा ठणका असेल तर जंतुसंसर्गाचा विचार करावा लागतो. आपल्या देशात क्षयही या सांध्यात शिरतो.

बाळंतिणीच्या त्या दिवशीच्या तपासणीतली एक चाचणी मात्र मला सविस्तर सांगायची आहे. तिला उताणी झोपवलं आणि पाय सरळ ठेवून वीतभर उचलायला सांगितला. डावा सहज उठला. उजवा उचलताना तिने श्वास कोंडला, पोट फुगलं, हनुवटी वर गेली आणि टाच जेमतेम चादरीवरून सुटली. "जड झालाय. माझा वाटतच न्हाई." मग मी तिच्या कमरेची दोन्ही हाडं दोन्ही तळव्यांनी बाजूंनी आत दाबून धरली. "आता उचल." पाय उठला. ती मान उचलून त्या पायाकडे बघत राहिली. मी हात काढले, पाय पुन्हा जड. पुन्हा दाबलं, पुन्हा हलका. सासूबाई बाळाला घेऊन पलंगाजवळ सरकल्या आणि त्यांनीही माझ्या हातांकडे निरखून पाहिलं.

ही चाचणी नेदरलँड्समधल्या संशोधकांनी घडवली. रॉटरडॅमच्या व्लेमिंग आणि स्नायडर्स यांनी १९९० च्या आसपास या सांध्याला दोन आधार असतात असं मांडलं होतं. एक हाडांच्या आकाराचा, पाचरीचा. दुसरा दाबाचा: नितंबाचे मोठे स्नायू, त्यांच्याशी पाठीतल्या जाड पडद्यातून तिरके जोडलेले विरुद्ध बाजूचे पाठीचे स्नायू, पोटाचा सर्वांत आतला आडवा थर, आणि खालून ओटीपोटाला तोलून धरणारे स्नायू. हे सगळे मिळून दोन्ही हाडांना मधल्या हाडावर आवळून धरतात. बाळंतपणात पोटाचा आणि खालचा हा आधार ताणला जातो, सैलावतो. माझे तळवे तात्पुरता तो दाब देत होते. "माझे हात जे करत होते ना, ते तुझ्या अंगातल्या स्नायूंनी करायचंय," मी म्हटलं. हाड सरकलेलं नाही, हे तिला नुसतं सांगून पटलं नसतं. स्वतःचा पाय हलका झालेला तिने पाहिला होता.

हाताचा उपचार मग थोडाच केला. कुशीवर झोपवून कमरेचं हाड मागेपुढे हळुवार झुलवलं, कळ सुरू होईल त्याच्या अलीकडे थांबत. नितंबातली आखडलेली गाठ अंगठ्याखाली विरघळेपर्यंत धरून ठेवली. शेवटी तिचा गुडघा माझ्या खांद्याला टेकवून तिला अगदी कमी जोराने ढकलायला लावलं, पाच अंक, मग सोड, मग श्वास. उठताना तिने मांड्यांवर हात रोवले नाहीत. आता खरं काम घरचं होतं.

घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत सासरे आणि दीर, मागे चूल. सुनेने भरदिवसा अंथरूण टाकून पाय वर-खाली करायचे कुठे? व्यायामाचा छापील कागद देताना आपण हा प्रश्न विचारत नाही आणि नंतर म्हणतो, बायका घरी काही करत नाहीत. मला याची फार चीड येते. ती करणार आहे की नाही, हे तिच्या इच्छेवर जेवढं अवलंबून असतं तेवढंच तिला रोज पंधरा मिनिटं दार लोटून घेता येतं का, यावर असतं. म्हणून मी सासूबाईंना बाजूला बसवून घेतलं आणि सगळं त्यांना शिकवलं. त्यांनीच तोड काढली: दुपारी पुरुष शेतावर असतात, बाळ झोपतं, तेव्हा सतरंजी टाकायची आणि दार मी सांभाळते.

पहिला व्यायाम बघणाऱ्याला व्यायाम वाटतच नाही. उताणं झोपून गुडघे वाकवायचे, श्वास सोडता सोडता लघवी रोखल्यासारखं करायचं आणि बेंबीखालचं पोट अलगद आत न्यायचं. श्वास चालू ठेवून पाच ते दहा अंक. दुसरा, गुडघ्यांमध्ये गोधडीची घडी धरून दाबायची, मग गुडघ्यांभोवती ओढणी बांधून बाहेर ढकलायचं. आठवड्याभराने कंबर उचलून पूल करायचा, योगवर्गाला जाणाऱ्या बायका ज्याला सेतुबंध म्हणतात तोच, पण थोडाच वर. मग कुशीवर झोपून टाचा जुळलेल्या ठेवत वरचा गुडघा उघडायचा. त्यानंतर रांगायच्या स्थितीत एक हात आणि उलट बाजूचा पाय लांब करायचा. हा तिला सगळ्यात आवडला, कारण बाळ नुकतंच रांगायला लागलं होतं आणि आई खाली आलेली पाहून ते तिच्या पोटाखालून आरपार जायचं. सगळ्यात शेवटी उभ्याने: ओट्यावर बसून-उठून, मग हातात पाण्याची कळशी घेऊन.

कमरेला आधाराला बांधायच्या पट्ट्याचं सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आमची कंबर सव्वा महिना लुगड्यानं आवळून बांधायचे." मी त्यांना बांधून दाखवायला सांगितलं. त्यांनी पोटावर, बेंबीच्या जवळ बांधलं. एसआय जॉइंटसाठी पट्टा त्याहून खाली लागतो, कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकांच्या खाली, जिथे माझे तळवे होते तिथून मागे खळ्यांखाली जाणारा, आणि फार आवळायचा नसतो. मऊ सुती कापडाची रुंद घडी चालली तर विकतचा पट्टा घ्यायला मी सांगत नाही. रोजच्या वागण्यातल्याही काही गोष्टी होत्या. कूस बदलताना गुडघे एकमेकांना चिकटवून खांदे आणि गुडघे एकदम वळवायचे. बाळाला एकाच कडेवर, कंबर बाहेर काढून घ्यायचं नाही. छातीशी, मध्यभागी घ्यायचं. आणि भातलावणीला, निदान या पावसाळ्यात, जायचं नाही. चिखलातून एक पाय उपसून दुसऱ्यावर सगळा भार द्यायचा, हे या सांध्याला सर्वांत जड जाणारं काम आहे. हे मी सासूबाईंच्या डोळ्यांत बघून सांगितलं. त्यांनी मान हलवली.

नॉर्वेच्या ब्रिट स्टुगे यांनी २००४ साली बाळंतपणानंतरच्या अशा दुखण्यावर नेमक्या स्नायूंच्या व्यायामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. वीस आठवड्यांच्या उपचारात व्यायाम करणाऱ्या बायकांची वेदना बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी झाली आणि दोन वर्षांनीही फरक टिकून होता. नंतरच्या काही अभ्यासांत, विशेषतः व्यायाम शिकवून बायकांना घरी सोडून दिलं तिथे, इतका फरक दिसला नाही. मला यात नवल वाटत नाही. स्टुगे यांच्या अभ्यासात प्रत्येकीला तिच्या तिच्या बेताचा व्यायाम होता आणि तो बदलून देणारं कुणीतरी बरोबर होतं.

ही मुलगी काही आठवड्यांनी आली तेव्हा बाळ तिच्याकडे होतं, छातीशी. कळ पूर्ण गेलेली नव्हती. संध्याकाळी भाकऱ्या थापून उठताना अजून लागायचं. पण उजवा पाय माझ्या हातांशिवाय वीतभर उठला आणि श्वास चालू राहिला. मी हाताचा उपचार त्या दिवशी केलाच नाही. त्या वेळात पूल एका पायावर करायला शिकवला.

असं दुखणं पुन्हा डोकं वर काढतं, हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे तेव्हा घाबरायला होत नाही. तिच्या व्यायामाच्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहून दिलं: कळ उठली तर दोन दिवस जड उचलायचं नाही, पण पडूनही राहायचं नाही, घरातल्या घरात चालायचं. पट्टा चालताना बांधायचा, झोपताना सोडायचा. पहिले दोन व्यायाम चालू ठेवायचे, पूल दुखला तर दोन दिवसांनी पुन्हा सुरू करायचा. बाळाला बसून घ्यायचं, पण घ्यायचं. पायात बधिरपणा आला, ताप आला किंवा लघवीचा ताबा गेला तर लगेच दवाखाना.

सासूबाईंनी कागद घडी करून कनवटीला लावला आणि आणखी एक मागितला. त्यांच्या लेकीला सातवा महिना होता आणि तिचीही कंबर धरली होती. गरोदरपणात पाचातल्या एकीला तरी या भागाचं दुखणं होतं, तेव्हा त्यात आश्चर्य नव्हतं. पण सातव्या महिन्यात उताणं झोपून जास्त वेळ व्यायाम करायचे नसतात, तिचा कागद वेगळा लागेल. तिला तपासल्याशिवाय तो देता येणार नाही, शुक्रवारी तिला घेऊनच या, असं मी त्यांना सांगितलं.